दुरुस्त केलेलं परत बिघडतं: घरच्या फोटो-पुस्तकात तीच चूक दर प्रुफाला का उगवते

मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात. "अहो, मागच्या प्रुफात आम्ही नीट केलं होतं, आणि आता परत तसंच आलंय." कुणाच्या आजोबांच्या चेहऱ्यावर परत काजळी चढलेली असते, कुणाच्या आडनावातला ऱ्ह परत मोडलेला असतो, कुणाची पणजी परत दोन पानांच्या मधल्या खाचेत गेलेली असते. मी नारायण पेठेत बरीच वर्षं डीटीपी केलं. आता कोथरूडला घरी बसून लोकांच्या घराण्याची पुस्तकं लावून देते. कुणी त्याला कुलवृत्तांत म्हणतं, कुणी वंशावळीचं पुस्तक, कुणाला आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला वाटायला फोटोंचं जाडजूड काहीतरी हवं असतं. पन्नास ते शंभर प्रती, विकायच्या नाहीत, घरच्यांनाच द्यायच्या. तरीही मनस्ताप मोठ्या ग्रंथाइतकाच.

चूक परत येते याचं कारण असं, की आपण दुरुस्त करतो ती आपल्या संगणकावरची प्रत, आणि बिघाड होतो वाटेत. फोटो भाच्याच्या फोनवरून आपल्याकडे येताना, मजकूर काकांच्या जुन्या फाइलीतून नव्या फाइलीत जाताना, पीडीएफ आपल्याकडून छापखान्यात जाताना. त्यामुळे चुकलेलं पान बघून लगेच माऊस धरू नका. आधी एक प्रश्न: हे शेवटचं नीट कुठे दिसलं होतं? माझ्या स्क्रीनवर नीट होतं, की पीडीएफमध्येही नीट होतं, की डमीतही, म्हणजे छापून आलेल्या नमुना प्रतीतही, नीट होतं आणि शंभर प्रतींतच बिघडलं? जिथे शेवटचं नीट होतं त्याच्या पुढच्याच पायरीवर चोर सापडतो.

सगळ्यात आधी: जुनीच फाइल तर छापली नाही ना?

हसू नका. "परत तसंच आलंय" या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. 'आजी_पुस्तक_फायनल', 'आजी_पुस्तक_फायनल_नवीन' आणि 'आजी_पुस्तक_हेच_छापा' अशा तीन फाइली ऑपरेटरच्या डेस्कटॉपवर पडलेल्या असतात. घाईत तो कुठली उचलेल, त्याचं त्यालाही माहीत नसतं. यात त्याचा फारसा दोष नाही, लग्नसराईत त्याच्याकडे तुमच्यासारखे दहा जण येतात आणि दहाही जणांची फाइल 'फायनल' असते.

मी काय करते ते सांगते. पानाच्या बाहेर, जी कड कापून जाते तिथे, खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकते. त्यात तारीख आणि वेळ असते, आणि पुढे काही शब्द:

कऱ्हाड, पायऱ्या, ॲडव्होकेट, वाङ्मय, उद्ध्वस्त, दृष्टी, श्रीकृष्ण, किंचित

पीडीएफ काढताना ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, आणि ही बाहेरची पट्टी दोन्ही त्यात येतील असं बघायचं, आणि डमीची पानं न कापता मागायची. पान हातात आलं की आधी तारीख वाचायची. तारीख जुनी असेल तर पुढचं काही वाचायचंच नाही, फाइल परत. तारीख बरोबर असेल तर ते शब्द बघायचे. त्यातला एकही मोडला असेल तर आत कुठे ना कुठे तसंच मोडलेलं आहे हे नक्की. वर्डमध्ये पुस्तक लावत असाल तर कडेची पट्टी जमणार नाही. मग ही ओळ शेवटच्या कोऱ्या पानावर टाका आणि शेवटी छापायला देताना काढा. फक्त काढल्यावर सगळी फाइल परत एकदा चाळा, कारण 'एक ओळ तर काढली' म्हणताना भलतंच काही पुसलं जातं.

फोटोंच्या बाबतीतही जुन्या फाइलीचाच घोळ असतो, फक्त तो दिसत नाही. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो पुस्तकात राहत नाही, पुस्तकात असतो त्याचा पत्ता. तुम्ही फोटो उजळ करून डेस्कटॉपवर ठेवलात आणि पत्ता अजून पेन ड्राइव्हवरच्या काळ्या फोटोचा असेल, तर दर प्रुफाला काळाच येणार. लिंक्सची यादी उघडा आणि प्रत्येक फोटो एकाच फोल्डरमधून येतोय ना, ते बघा.

अक्षरं फुटतात

यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे, तेही माझ्याच सासरच्या पुस्तकात. मजकूर चुलतसासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी टाइप करून ठेवला होता. आजेसासऱ्यांच्या आठवणीत एक वाक्य होतं: पंक्तीला उशीर झाला तेव्हा ते आचाऱ्यांवर भडकले आणि स्वतःच झारा हातात घेऊन उभे राहिले. छापून आलं, 'आचार्यांवर भडकले'. पुस्तक वाटलं आणि चौथ्या दिवशी आत्तेसासूबाईंचा फोन. "अगं, दादा आचार्यांवर कधी भडकले? घरात कीर्तनाला यायचे ते आचार्य? त्यांच्यापुढे तर दादा मान वर करायचे नाहीत." गुरूंवर भडकून वर झारा घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणून आजेसासरे आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदले गेले.

झालं होतं असं. जुने मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामायिक अक्षरसंकेताचे, नव्हते. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पुण्यात अशा फाइली घरोघरी सापडतात, आणि ते साहजिकच आहे. श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक इथलीच, सी-डॅकचं भारतीय भाषांचं कामही इथलंच. पेठांमधल्या छापखान्यांची एक अख्खी पिढी यावर उभी राहिली. तेव्हा हा चिवडा म्हणजे फाइल खराब झालीय असं समजून फेकू नका. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणता येते.

पण कन्व्हर्टर सगळं जसंच्या तसं आणत नाही. हमखास बळी जातो तो आपला खास मराठी अर्धा र, आचाऱ्यांमधला. तो उडून रफार होतो आणि आचारी आचार्य बनतात, डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. स्पेलिंग तपासणाऱ्याला यात काही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. उपाय कंटाळवाणा आहे पण पक्का आहे: अख्ख्या मजकुरात 'र्य' शोधा, मग 'र्ह' शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाचा. सूर्य, कार्य, भार्या राहू द्या. पायर्‍या, नोकर्‍या, सुपार्‍या, कर्‍हाड यांत अर्धा र नीट बसलाय का बघा. तो टाइप करताना नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह, असा घ्या. काही जण साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चिकटवताना ते न दिसणारं चिन्ह गळतं आणि आचारी परत आचार्य होतात. याच परिच्छेदात वर मी दिलेले पायर्‍या ते कर्‍हाड हे चार शब्द त्या पद्धतीने टाइप केलेत. ते तुमच्या फाइलीत चिकटवून बघा, काय होतं ते.

ॲडव्होकेटमधल्या ॲ चीही तीच गत. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरची चंद्रकोर वेगवेगळी टाइप केलेली असते. काही फाँटमध्ये मग चंद्रकोरीखाली ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. पुस्तकभर एकच पद्धत ठेवा.

दर वेळी एकच परिच्छेद फुटत असेल, बाकी पुस्तक छान असेल, तर कारण वेगळं. वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं. इनडिझाइनमध्ये मराठी नीट जुळायला 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लागतो. ही सेटिंग परिच्छेदागणिक असते. जुन्या फाइलीतून चिकटवलेला परिच्छेद आपली जुनी सेटिंग बरोबर घेऊन येतो, म्हणून तेवढाच फुटतो. एकेक अक्षर हाताने जुळवत बसू नका, मीही एकदा अख्खी दुपार त्यात घालवली आहे. पॅराग्राफ स्टाइलमध्ये कंपोझर बदला आणि तीच स्टाइल त्या परिच्छेदाला लावा.

आता शेवटचा टप्पा, छापखाना. पीडीएफमध्ये सगळं ठणठणीत, छापलेल्या कागदावर मोडलेलं. बहुतेक वेळा काय झालेलं असतं, तर फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) लावायला किंवा कड सरकवायला ऑपरेटरने तुमची पीडीएफ त्याच्या रोजच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'उघडली'. उघडली की मजकूर पुन्हा मजकूर होतो, तो त्याच्याकडच्या फाँटने नव्याने जुळवला जातो, आणि तुमच्या मात्रा इकडच्या तिकडे होतात. पीडीएफ उघडायची नसते, चित्रासारखी ठेवायची असते. मी फाइल देताना तोंडी सांगते आणि कागदावरही लिहून देते: 'ओपन करू नये, प्लेस करावी.' शिवाय एक दुसरी पीडीएफ देते, जिच्यात सगळी अक्षरं आउटलाइन करून टाकलेली असतात. आउटलाइन केलेलं अक्षर म्हणजे नुसती आकृती, ते फुटायला मजकूरच उरत नाही. तोटा एवढाच की त्यात नंतर वेलांटीसुद्धा बदलता येत नाही, आणि फोटोखालची बारीक ओळ किंचित जाड दिसते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची आणि आउटलाइन फक्त छापायच्या प्रतीत.

एक जाता जाता. पुस्तक वाचून घरातली मोठी माणसं म्हणाली, "हे कसं हिंदी वाटतंय," तर ती उगाच खोड काढत नाहीयेत. मराठीतला ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. मराठी वळणाचा फाँट घ्या. तिरो देवनागरी मराठी हा एक फुकट मिळतो. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली तरच मराठी वळण येतं.

आजोबा काळे येतात

उजळले, परत काळे आले. अजून उजळले, तरी काळेच. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

पहिली, तुमचा स्क्रीन. रात्री अकरा वाजता, पूर्ण ब्राइटनेसवर, अंधाऱ्या खोलीत फोटो दुरुस्त केला तर तो तुम्हाला छान उजळ दिसणारच, कारण मागून दिवा लागलाय. कागदामागे दिवा नसतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि दिवसा बसा. प्रूफ बघायचं तेही ट्यूबखाली नको, खिडकीशी, थेट ऊन न येणाऱ्या जागी.

दुसरी, कागद. जुना काळ वाटावा म्हणून लोक पिवळसर, खरखरीत नॅचरल शेड निवडतात. मजकुराला तो कागद गोड दिसतो, डोळ्यांनाही बरा. फोटोला मात्र मारक. ऑफसेटवर फोटो छापला जातो तो शाईच्या बारीक ठिपक्यांत, आणि गुळगुळीत नसलेल्या कागदावर प्रत्येक ठिपका थोडा पसरतो. पांढरी जागा भरत जाते, काळ्या टोपीखालचे डोळे, काळ्या कोटाचा गळा, मिशी, सगळं एक होतं. आर्ट पेपरवर हे खूप कमी होतं. मी फोटोंची पानं मॅट आर्ट पेपरवर घेते, चकचकीत ग्लॉसी मला आवडत नाही, दिव्याखाली चेहऱ्यावर पट्टा पडतो. पण नॅचरल शेडच हवा असा हट्ट असेल, तर अंदाजाने उजळू नका. एकच फोटो तीन पातळ्यांवर उजळून एका पानावर शेजारी शेजारी लावा, त्याच मशीनवर त्याच कागदावर छापून घ्या, आणि त्यातला आवडेल तो ठरवा. उजळताना मधल्या छटा वर घ्या. सगळाच फोटो वर उचलला तर धोतर आणि भिंत यांतला फरक नाहीसा होतो.

डमी डिजिटलवर आणि मुख्य छपाई ऑफसेटवर असेल तर ते दोन फोटो कधीच एकसारखे दिसणार नाहीत. शंभराच्या आत प्रती असतील तर बहुतेक सगळं डिजिटलवरच होतं, कारण ऑफसेटला प्लेटचा खर्च असतो. तेव्हा विचारून घ्या, 'डमी आणि प्रती एकाच मशीनवर ना?'

काळे-पांढरे फोटो कधी हिरवट, कधी गुलाबी येतात. फोटो रंगीत म्हणून साठवलेला असतो, मग मशीन चार रंग मिसळून करडा बनवायला जातं आणि एखादा रंग जरा वर-खाली झाला की आजीला कावीळ होते. फोटो ग्रेस्केल, म्हणजे फक्त करड्या छटांचा, करा आणि ऑपरेटरला ती पानं फक्त काळ्यात काढायला सांगा. पैसेही वाचतात, रंगीत पानाचा दर वेगळा असतो. जुन्या फोटोंचा तांबूसपणा ठेवायचाच असेल तर सगळ्यांना एकच छटा द्या. एकाच पानावर एक तांबूस, एक करडा, एक जांभळट असला की डोळा चेहऱ्यांवर ठरत नाही.

धूसर येतात

'भाच्याने परत पाठवला, तरी धूसरच.' तो परत व्हॉट्सॲपवरच पाठवणार. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर हा फोटो साडेतेरा सेंटीमीटरपर्यंत नीट छापला जाईल. एकट्या माणसाचा चेहरा असेल तर पुरतो. पण वाड्याच्या चौकातला लग्नाचा ग्रुप, तीन रांगा, चाळीस माणसं, आणि तो तुम्हाला दोन पानांवर पसरायचाय. एकेका चेहऱ्याच्या वाट्याला आडवे जेमतेम पन्नास-साठ ठिपके येतात. त्यात मावशी कोणती आणि मामी कोणती, कुणी सांगू शकणार नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो आहे तसा येतो. फोटोशॉपमध्ये मोठा केल्याने गेलेलं परत येत नाही. वर्ड वापरणाऱ्यांनो, वर्डही फाइल साठवताना चित्रांचे ठिपके आपोआप कमी करतं. ती सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर चांगला फोटो टाकूनही धूसरच निघेल.

स्कॅन करताना '३०० डीपीआय', म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हा आकडा लोक पाठ म्हणतात. तो छपाईच्या आकाराचा आकडा आहे. मूळ फोटो किती लहान आहे त्यावर स्कॅनचा आकडा ठरतो. घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्रीचे चौकोनी फोटो सहा बाय सहा सेंटीमीटरचे. ते ६०० वर स्कॅन केले तर बारा सेंटीमीटरपर्यंत जातात. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. एखाद्या पणज्याचा तेवढाच एक फोटो उरलेला असतो, तो १२०० वर स्कॅन करा, पाऊण पानभर सहज येईल. १९७०-८० मधल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खरखरीत कागदावरच्या फोटोंवर स्कॅनरमध्ये चमचम येते. फोटो एकदा सुलटा आणि एकदा उलटा फिरवून असा दोनदा स्कॅन करा, मग दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर अर्धा पारदर्शक ठेवा. चमक बरीच मरते.

आणि पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये घरात पाणी शिरलं, आणि ज्यांचे फोटो भिंतीवर फ्रेममध्ये होते त्यांचे कित्येक फोटो काचेला कायमचे चिकटले. माझ्या सासरी आजेसासूबाईंचा एकच फोटो उरला, तो असाच आहे. डाव्या खांद्यापासून उजव्या कोपरापर्यंत पाण्याची तपकिरी रेघ, आणि चेहऱ्याचा अर्धा भाग काचेलाच. तो ओढून काढायचा नाही. ओली वाफ देऊन, ब्लेडने, कशानेही नाही. चेहरा काचेवर राहील आणि हातात पांढरा कागद येईल. काचेसकटच स्कॅन करायचा. पण बाजारातले पातळ, स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, मध्ये फ्रेमच्या काचेची जाडी आली की धूसर. चार दुकानांतून स्कॅन करून आणला तरी धूसरच, याचं कारण हे. जाड, जुन्या पद्धतीचा सीसीडी स्कॅनर असलेला स्टुडिओ शोधा. नाहीतर कॅमेऱ्याने घ्या: फोटो भिंतीला सरळ, कॅमेरा बरोबर समोर, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड, आणि कॅमेऱ्यामागे काळी चादर धरून एक माणूस, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येत नाही.

त्या रेघेचं काय करायचं यावर आमच्याकडे वाद झाला. पुतण्याने फोनवरच्या एआयला देऊन फोटो एका मिनिटात लख्ख करून आणला. रेघ गेली, त्वचा गुळगुळीत झाली, डोळे टपोरे झाले. आत्तेसासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "बाई छान आहे. पण ही आमची आई नाही." जिथे मूळ फोटोत काहीच शिल्लक नसतं तिथे एआय दुसऱ्या कुणाचा तरी डोळा आणून लावतं. मी धूळ काढते, ओरखडे काढते, पाण्याच्या रेघेला हात लावत नाही. पुस्तकात तो फोटो रेघेसकट आहे, खाली तारीख आहे.

खाच, कड, पानं

हे थोडक्यात. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे नुसत्या गोंदाच्या बांधणीत, पुस्तक पूर्ण उघडत नाही. आतल्या बाजूला दीड सेंटीमीटर तरी मोकळं सोडा. ग्रुप फोटो दोन पानांवर हवाच असेल तर खाच दोन माणसांच्या मधोमध येईल असा सरकवा आणि जुजबंदी करून घ्या. शिवलेलं पुस्तक पुष्कळ सपाट उघडतं. कडेपर्यंत जाणारा फोटो ३ मिलिमीटर बाहेर वाढवा. डोकी कडेपासून आत ठेवा, कटिंगचं मशीन नातं बघत नाही. ऑफसेटला पानं सोळाच्या पटीत बसवा. दोन-चार उरली तर भरायला कविता शोधू नका, 'नोंदी' म्हणून कोरी सोडा. त्यात पुढची बाळं येतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घरच्या घरी वाटायच्या पुस्तकाला लागत नाही. विकायचं असेल तर घ्या, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो फुकट देते. पण आधी घ्या. शेवटच्या आठवड्यात क्रमांक आला की तो छापायचं चौथं पान बदलतं, नवी पीडीएफ निघते, आणि वरचं सगळं रामायण पहिल्या अध्यायापासून.

वयं जुळत नाहीत

पणजोबांचं लग्न त्यांच्या जन्माआधी झालेलं दिसत असेल तर टायपिंगला दोष देण्याआधी शके तपासा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८५० मधला माघ म्हणजे १९२९ चा फेब्रुवारी, १९२८ चा नव्हे. लग्नं माघ-फाल्गुनात भरपूर, त्यामुळे ही एका वर्षाची चूक वंशावळीत जागोजागी पेरलेली असते. मूळ तिथी तशीच छापा आणि शेजारी इसवी सन द्या, म्हणजे चुकलं तरी वाचणारा सुधारू शकतो. मोडी कागदांवरून नावं घेतली असतील तर ऱ्हस्व-दीर्घावरून भाऊबंदकी करू नका. मोडीत तो भेद सहसा नसतोच, वाचणाऱ्याने जो लिहिला तो त्याचा.

नावांचं प्रूफ वेगळं काढा. फोटो नाही, सजावट नाही, नुसती नावं, मोठ्या टाइपात, आणि ते घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडे द्या. पुरुषांना वंशावळ वरून खाली माहीत असते. कुठली सून कुठून आली, तिचं माहेरचं नाव काय होतं आणि लग्नात बदलून काय ठेवलं, हे बायकांना माहीत असतं. हयात माणसांचे फोन नंबर आणि पूर्ण जन्मतारखा छापू नका. पुस्तक कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

प्रती आल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातली एक उघडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पलटा. फर्मा उलटा शिवलेला असू शकतो, एखादा दोनदा आलेला असू शकतो. हे त्याच दिवशी सांगितलं तर बाइंडर बदलून देतो, महिन्याने सांगितलं तर हात वर करतो. फाइल, फाँट आणि फोटो एका फोल्डरमध्ये बांधून दोन ठिकाणी ठेवा.

आमच्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत आचाऱ्यांसाठी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी लागली होती. दोन वर्षांनी साताऱ्याच्या जावांना वीस प्रती हव्या झाल्या. तेव्हा मजकूर दुरुस्त होता, आउटलाइन केलेली पीडीएफ तयार होती, पण गडबडीत मी दुसरीच पाठवली. छापखानाही नवा होता. डमीचं पहिलं पान आलं, कडेच्या पट्टीत तारीख बरोबर आणि कऱ्हाडचा र आणि ह वेगवेगळे उभे. मी ऑपरेटरला विचारलं, "दादा, ओपन केलीत का?" तो म्हणाला, "हो मॅडम, मार्जिन जरा सरकवायचं होतं." मार्जिन मी माझ्याकडे सरकवून आउटलाइनची फाइल पाठवली. दुसरं पान काढून त्याने फोटो पाठवला, तोही व्हॉट्सॲपवर, धूसर. कऱ्हाड तेवढं वाचता आलं.